वाळूत खुंटी ठोकू नका, काहीतरी आडवं पुरा

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात गुहागरच्या किनाऱ्यावर दोन रात्री राहायचं आहे, माणसं सहा, दोन टेंट आणि चुलीपाशी बसायला वर 10 बाय 12 फुटांची ताडपत्री. टेंटबरोबर मिळालेल्या लोखंडी खुंट्या वाळूत टिकतील का, की लांब खुंट्या विकत घ्याव्यात?

त्या खुंट्या टिकणार नाहीत. लांब आणि रुंद पात्याच्या घेतल्यात तर ओलसर, दाबलेल्या वाळूत बऱ्यापैकी धरतात, पण तुम्ही टेंट लावणार भरतीच्या रेषेच्या वर, आणि तिथली वाळू कोरडी असते. माती खुंटीला सगळीकडून आवळते. कोरड्या वाळूचे कण एकमेकांनाच धरत नाहीत, ते खुंटीला काय धरणार? दोरी वाऱ्याने थरथरते, भोक रुंद होत जातं आणि खुंटी हळूहळू वर येते. तेवढ्याच पैशांत रिकाम्या गोण्या घ्या, किंवा काहीच विकत घेऊ नका.

वाळूत उपयोग असतो तो वजनाचा. एखादी वस्तू खोल आडवी पुरली, की तिच्या वरची आणि पुढची सगळी वाळू उचलल्याशिवाय ती बाहेर येऊ शकत नाही. वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत पंधरा किलो. आता समोरचा जोर बघा. ताशी 30 किलोमीटरचा वारा तुमच्या ताडपत्रीवर सरळ आपटला तर 45 ते 50 किलोंचा रेटा बसतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे दोनशे किलोंच्या जवळ. बोटाएवढ्या खुंट्यांनी हे पेलायचं म्हणणं बरोबर नाही.

मी काय करतो ते सांगतो. जुन्या पँटचे पाय कापून, एक तोंड शिवून पिशव्या केल्यात. उशांचे जुने अभ्रे किंवा पाच किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्याही चालतात. पिशवी अर्ध्याहून जास्त भरायची, तोंड बांधायचं आणि टेंटची दोरी पिशवीच्या कमरेला, मधोमध, पक्की बांधायची. मग दोरीच्या दिशेला आडवा असा एक हात खोल चर खणायचा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपलं जुनं माप. एवढं खणलं की बहुतेक ठिकाणी खालची ओलसर वाळू लागतेच. पिशवी चरात आडवी ठेवा. आणि इथे बहुतेक जण चुकतात: दोरी बाहेर येण्यासाठी टेंटच्या बाजूला एक अरुंद तिरपी खाच कापा, म्हणजे दोरी पिशवीपासून टेंटपर्यंत सरळ रेषेत जाईल. खाच नसेल तर दोरी चराच्या काठावर मोडून वर चढते, रात्री ती काठाची वाळू कापत जाते आणि ढिली पडते. सकाळी तुम्हाला वाटतं पिशवी सरकली, खरं तर दोरीने आपली वाट सरळ करून घेतलेली असते.

चर भरताना आधी ओली वाळू टाका, पायाने तुडवा, दोन तांबे समुद्राचं पाणी ओता, पुन्हा वाळू, पुन्हा तुडवा. पाण्याने कण एकमेकांना चिकटतात. लहानपणी वाळूचे किल्ले केलेत, तेव्हा हे हाताला कळलेलंच आहे. शेवटी दोरी खांद्यावर घेऊन अंगाचा भार टाकून ओढून बघा. जरा जरी आली तरी उकरून आणखी खोल पुरा. पिशव्या कमी पडल्या तर माडाच्या झावळाचा जाड देठ, वाहून आलेलं ओंडकं, अगदी तुमच्या त्या लोखंडी खुंट्या तीन-तीनची मोळी करून आडव्या पुरल्या तरी चालतात. पाण्याचा वीस लिटरचा कॅन नुसता वर ठेवू नका. वाळूवर ठेवलेलं वजन वारा ओढत नेतो, पुरलेलं नाही.

दोरी लांब ठेवा. खांब सहा फुटी असेल तर पुरलेली पिशवी त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर हवी. जवळ पुरली तर ओढ सरळ वर जाते, आणि वर जाणाऱ्या ओढीला वाळू फार विरोध करत नाही.

आता वाऱ्याची दिशा. हे जीव तोडून सांगतोय. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते गुहागरला दोन्ही भेटतील. दुपारी वारा समुद्राकडून येतो, पश्चिम-वायव्येकडून. तुम्ही पोचता तेव्हा तोच असतो, म्हणून माणूस समुद्राकडची बाजू घट्ट करतो आणि वाडीकडची तशीच सोडतो. संध्याकाळी वारा पडतो, सगळे निर्धास्त होतात, आणि रात्री तो उलटा, जमिनीकडून सुरू होतो. एरवी त्याला खाऱ्या वाऱ्याइतका जोर नसतो, पण थंडीत पहाटे त्याचे झटके येतात. सात-आठ वर्षांपूर्वी दिवेआगरला मी हीच चूक केली. समुद्राकडच्या दोन कोपऱ्यांना पिशव्या पुरल्या होत्या, मागे साध्या खुंट्या. पहाटे तीनच्या सुमारास ताडपत्री मागून उचलली गेली, उलटली, आणि तिचा बांबू झोपलेल्या धाकट्या भावाच्या कपाळावर बसला. चार टाके पडले. डोळा दोन बोटांवर होता. तेव्हापासून मी चारही बाजूंना सारखंच पुरतो, वारा कुठूनही येत असो, आणि ताडपत्रीखाली कोणाला झोपू देत नाही. झोपायचं ते टेंटमध्ये.

टेंटपेक्षा ताडपत्रीच जास्त धोक्याची, कारण ती शीड आहे. ती उंच आणि सपाट ताणू नका. दुपारच्या वाऱ्याकडची कड खाली, जवळजवळ वाळूला टेकलेली ठेवा, विरुद्ध कड उंच आणि मोकळी, म्हणजे आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडता येईल. पण रात्री वारा फिरला की हीच उंच कड त्याच्या तोंडाशी येते, म्हणून झोपण्याआधी तीही खाली उतरवा. खरं तर पूर्ण ताडपत्रीच उतरवून घडी करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. कडेच्या पितळी रिंगांवर सगळा भार टाकू नका, त्या फाटून निघतात. कोपऱ्यात एक गुळगुळीत गोटा ठेवून त्याच्याभोवती ताडपत्री गुंडाळा आणि गोट्याच्या मानेला दोरी बांधा. दोरी ताणायला ट्रकवाले मालावरची ताडपत्री आवळताना मारतात ती फासाची गाठ सगळ्यात चांगली. जायच्या आधी एखाद्या ट्रकवाल्याकडून शिकून घ्या, आनंदाने दाखवतात. आणि नायलॉनची दोरी दवाने भिजली की सैलावते, म्हणून रात्री जेवण झाल्यावर एकदा सगळ्या दोऱ्या पुन्हा आवळा.

जागा कुठली निवडायची? मर्यादावेल दिसेल, जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरलेली. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून तिचं ते नाव. तिच्या वरच्या बाजूला, सुरूच्या झाडांच्या आडोशाला जागा बघा, पण वेल उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. माडाखाली अजिबात नको, नारळ आणि झावळ दोन्ही पडतात. चांदण्यासाठी पौर्णिमा निवडणार असाल तर एक ध्यानात ठेवा. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, कोळी बांधव असंच मोजतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती नेमकी मध्यरात्रीच्या आसपास, तुम्ही गाढ झोपेत असताना येणार. संध्याकाळी पाणी कितीही लांब दिसलं तरी शेवाळ-काटक्यांची सगळ्यात वरची रेषा शोधा आणि तिच्याही बरंच वर जा.

गुहागरला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती भरतीच्या रेषेच्या वर, दीड फुटाच्या आसपास खोल खड्ड्यात अंडी घालतात, म्हणजे अगदी तिथेच आणि तेवढंच खोल जिथे आपण पिशव्या पुरणार. म्हणून आधी नगरपंचायतीत किंवा किनाऱ्यावर काम करणाऱ्या कासवमित्रांना विचारा, राहायला परवानगी आहे का आणि कुठे खणलं तर चालेल. ते नाही म्हणाले तर मागच्या एखाद्या वाडीत टेंट लावा. तिथे मातीत तुमच्या त्याच खुंट्या छान बसतील. समुद्राकडे तोंड करून दिवे लावू नका. आणि निघताना प्रत्येक पिशवी उकरून काढा, वाळू तिथेच रिकामी करा, चर पायाने सपाट बुजवा. उघड्या चरात कासवाचं पिल्लू पडलं तर त्याला वर चढता येत नाही.