सत्तांतर होतं तेव्हा मतदारांना नेमकं काय सांगायचं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की निकाल लागला की सगळे 'जनतेने अमक्याला नाकारलं, तमक्याला स्वीकारलं' म्हणतात. पण सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा मतदार खरंच काय बोलत असतात?

माझ्या मते बहुतेक वेळा 'या खेपेला याला पाडायचं' एवढंच, आणि तेही मूठभर लोक बोलतात. पुढचा सगळा अर्थ निकालानंतर जिंकलेले लावतात.

मी नाशिक जिल्ह्यातला, म्हणून दिंडोरी लोकसभेचं उदाहरण घेतो. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. लाल कांदा बाजार समितीत येत होता, भाव आपटले. मे 2024 च्या सुरुवातीला बंदी उठवली, पण टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क लावूनच. मतदान 20 मेला होतं. त्याआधी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तिथे भाषण चालू असतानाच गर्दीतून 'कांद्यावर बोला' असा आवाज आला. निकालात भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून जास्त मतांनी पडल्या आणि शरद पवार गटाचे भास्कर भगरे खासदार झाले.

सहा महिन्यांनी विधानसभा आली. या लोकसभेत सहा जागा येतात. येवल्यात छगन भुजबळ, निफाडला दिलीप बनकर, दिंडोरीत नरहरी झिरवाळ, कळवणला नितीन पवार, चांदवडला राहुल आहेर, नांदगावला सुहास कांदे. सहाच्या सहा महायुतीचे, म्हणजे भारती पवारांच्याच बाजूचे. बूथ तेच, मतदारही बहुतेक तेच.

यावर शहरातल्या मित्रांचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'लाडकी बहीणचे 1500 मिळाले, लोक विकले गेले'. मला ते पटत नाही. नवऱ्याचं कांद्यात झालेलं नुकसान हा शेतकऱ्यांचा आक्रोश, आणि बायकोच्या खात्यात ऑगस्टपासून येणारे पैसे ही रेवडी, हा हिशेब कुणी ठरवला? मला वाटतं, लोकांना दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले. निर्यात दिल्लीच्या हातात असते, म्हणून तो राग दिल्लीला जाणाऱ्या उमेदवारावर निघाला. आमदार निवडताना पाणी, रस्ता, सोसायटीचं कर्ज, अडल्यावर तहसीलमध्ये कोण उभं राहतं, हे आलं. शिवाय मधल्या काळात सरकारने दणका ओळखला होता. सप्टेंबरमध्ये 550 डॉलरची अट काढली, शुल्क 40 वरून 20 टक्क्यांवर आणलं. म्हणजे जूनमधली तक्रार पोचली, तिचं थोडंफार फळ मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये लोकांनी पुढचा व्यवहार केला. माणसं बदलली नव्हती, विचारही बदलले नव्हते.

(याच लोकसभेत 'तुतारी' चिन्ह मिळालेल्या आणि आडनावही भगरेच असलेल्या एका अपक्षाला लाखावर मतं पडली. शरद पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं. त्या लाख लोकांना काय सांगायचं होतं, हे ज्याने त्याने ठरवावं.)

आता राज्याचं चित्र पाहा. लोकसभेला आघाडी 30, महायुती 17 आणि सांगलीत अपक्ष. मथळे आले, 'महाराष्ट्राने फोडाफोडीला धडा शिकवला'. पण दोन्ही बाजूंच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. निम्म्या लोकांनी धडा शिकवला आणि निम्म्यांनी शाबासकी दिली, असं कुठे छापून आलं नाही. विधानसभेला मात्र फरक खरा होता. मतदान 61 वरून 66 टक्क्यांवर गेलं, महायुतीला साधारण निम्मी मतं मिळाली आणि जागा मात्र 288 पैकी 230. (मतदारयाद्यांबद्दल विरोधकांनी आरोप केले, आयोगाने ते फेटाळले. तो स्वतंत्र विषय आहे.)

जुने दाखले तर याहून गमतीचे आहेत. 1995 ला महाराष्ट्रात पहिल्यांदा युतीचं सरकार आलं, ती भगवी लाट म्हणून आजही सांगितली जाते. त्या निवडणुकीत काँग्रेसला 31 टक्के मतं होती आणि शिवसेना-भाजपला मिळून 29 च्या आसपास. युतीच्या जागा 138, म्हणजे बहुमतही नाही. 45 अपक्ष निवडून आले, त्यातले बरेच काँग्रेसचेच बंडखोर. लाटेपेक्षा घरातलं भांडण मोठं होतं. 2004 मध्ये 'इंडिया शायनिंग'ला गरिबांनी झिडकारलं म्हणतात. पण काँग्रेसची मतं 1999 च्या 28 टक्क्यांवरून 26.5 वर उतरली होती. मतं घटली, जागा 114 वरून 145 झाल्या. द्रमुकसारखे मित्रपक्ष भाजपकडून काँग्रेसकडे आले आणि तमिळनाडूच्या सगळ्या 39 जागा त्या आघाडीने नेल्या. गरिबांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही, पण सत्ता फिरली ती मुख्यतः जागावाटपाच्या टेबलावर.

आणि आपल्याकडे तर मतदाराला न विचारताही सत्तांतर होतं. 2019 ते 2024 या एका विधानसभेत पहाटेचा शपथविधी, महाविकास आघाडी, मग शिंदे सरकार, मग त्यात अजित पवार. आणि दर वेळी 'जनतेच्या मनातलं सरकार'.

मग मतदार स्पष्ट बोलतच नाही का? बोलतो, कधीकधी. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता, 27 हजारांहून जास्त मतं. कुणी ती विरोधकांवरची नाराजी मानली, कुणी जागा मित्रपक्षाला सोडल्याचा राग, आणि सगळे आपापल्या सोयीने पुढे गेले.

तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर टीव्हीवरचं विश्लेषण सोडा आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या मतदारसंघाचा फॉर्म 20 उतरवून घ्या. त्यात बूथवार मतं असतात. आपल्या गावाचा बूथ 2019 आणि 2024 चा शेजारी शेजारी ठेवा. जिंकणाऱ्याची मतं वाढलीत की हरणाऱ्याचे लोक घरीच बसलेत, ते आधी बघा. माझ्या बघण्यात तरी दुसरा प्रकार जास्त आला आहे.