अर्थतज्ज्ञांचे संशोधन आणि सायटेशनचे आकडे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एकाच अर्थतज्ज्ञाच्या सायटेशनची (इतरांच्या लेखनात त्याच्या लेखनाचे आलेले संदर्भ) संख्या गुगल स्कॉलर, स्कोपस आणि रेपेक या संशोधनाच्या ऑनलाइन नोंदसंग्रहांवर वेगवेगळी दिसते. खरी कोणती मानावी?

उत्तर: तिन्ही आपापल्या परीने खऱ्या आहेत, फरक पडतो तो काय मोजले जाते यात. गुगल स्कॉलर इंटरनेटवर सापडणारे प्रबंध, अहवाल, पुस्तके आणि वर्किंग पेपर, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीचे निबंधांचे मसुदेही जमेस धरते, तर स्कोपस निवडक जर्नल, पुस्तके आणि परिषदांच्या निबंधांपुरते मर्यादित राहते. १९९७ मध्ये सुरू झालेला रेपेक हा खास अर्थशास्त्र व लगतच्या विषयांसाठीचा उपक्रम असून त्यात संस्था आणि प्रकाशक स्वतःच नोंदी पुरवतात. ज्या निबंधांची संदर्भसूची वाचता आली, त्यांतलीच सायटेशन तिथे धरली जातात. म्हणून दोन व्यक्तींची तुलना करायची असेल तर ती एकाच ठिकाणच्या आकड्यांवरून करावी.

प्रश्न: एच-इंडेक्स नेमका कसा काढतात, आणि नेमणुकीसाठी तो पुरेसा आहे का?

उत्तर: भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवले. ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन असतात, ती संख्या म्हणजे एच-इंडेक्स. समजा, एखाद्याच्या सात निबंधांना अनुक्रमे ६०, ३२, १५, ९, ६, ४ आणि २ सायटेशन आहेत. पाचव्या निबंधाला किमान पाच आहेत, सहाव्याला मात्र सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. आता पहिल्या निबंधाची सायटेशन ६० वरून ६,००० झाली तरी हा आकडा जागचा हलणार नाही. शिवाय तो एकूण निबंधांच्या संख्येपलीकडे कधीच जात नाही, त्यामुळे मोजकेच पण मूलगामी लिहिणाऱ्यावर तो अन्याय करतो. रोनाल्ड कोस यांना १९९१ चे नोबेल मिळाले ते मुख्यतः १९३७ आणि १९६० मधल्या दोन निबंधांच्या बळावर. नेमणूक समितीने केवळ एच-इंडेक्स पाहून उमेदवारांची चाळणी लावली, तर असा अभ्यासक पहिल्याच फेरीत गळेल, आणि ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. समितीने उमेदवाराचे दोन-तीन निबंध मुळातून वाचावेत. त्याला पर्याय नाही.

प्रश्न: अर्थशास्त्राच्या निबंधात पहिले नाव असलेल्यानेच मुख्य काम केलेले असते का?

उत्तर: बहुधा नाही. या विषयात सहलेखकांची नावे आडनावाच्या वर्णक्रमाने देण्याची रीत आहे. तिचे परिणाम मात्र निरुपद्रवी नाहीत: लिरान ऐनाव आणि लिएत यारीव्ह यांनी २००६ मध्ये दाखवले की, अमेरिकेतल्या अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावांच्या प्राध्यापकांना कायमपद मिळण्याची शक्यता अधिक असते. देवराज राय आणि आर्थर रॉब्सन यांनी २०१८ मध्ये नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तसे चिन्हाने नोंदवावे, असे सुचवले. ते मला रास्त वाटते.

प्रश्न: भरपूर सायटेशन म्हणजे निष्कर्ष बरोबर, असे म्हणता येईल का?

उत्तर: मुळीच नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० मधला निबंध पाहा. सार्वजनिक कर्ज देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपी) ९० टक्क्यांपुढे गेले की वाढीचा वेग घसरतो, हा त्याचा निष्कर्ष धोरणकर्त्यांनी उचलून धरला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांच्यासह तीच आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा एक्सेलच्या सूत्रात पाच देश वगळले गेल्याचे आढळले. देशांना वजन देण्याची पद्धत आणि काही वर्षांची गाळलेली आकडेवारी यांवरही त्यांनी आक्षेप घेतले. त्यांच्या हिशेबाने अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ नव्हे, तर २.२ टक्के निघाली. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, पण जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध राहतोच, अशी भूमिका कायम ठेवली. या वादात मूळ निबंधावर टीका करणाऱ्या प्रत्येक लेखानेही त्याच्या सायटेशनमध्ये भरच घातली! आधार म्हणून घेतलेला संदर्भ आणि खंडनासाठी घेतलेला संदर्भ मोजणीत सारखेच धरले जातात. फरक कळण्यासाठी संदर्भ देणारे वाक्य वाचावे लागते.

प्रश्न: माझ्या वर्किंग पेपरचे शीर्षक जर्नलमध्ये छापताना बदलले आणि सायटेशन दोन नोंदींत विभागली गेली. काय करावे?

उत्तर: गुगल स्कॉलरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये दोन्ही नोंदी निवडून त्या एकत्र करण्याची सोय आहे. रेपेकवर दोन्ही आवृत्त्या आपल्या खात्यात जोडून घ्या आणि त्या एकाच निबंधाच्या असल्याचे कळवा.