बसमधली माणसं कोण मोजतं?

प्रश्न : काकू, मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची निम्मी कमाई मॅजिक व्हॅन आणि ई-रिक्षात जाते. सगळ्यांना परवडेल अशी शहरी वाहतूक आखण्याचं काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, इंदुरात बीआरटीएस, म्हणजे रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेला मार्गसुद्धा उखडला, यात काय ठेवलंय? शिकायचं कुठं, नोकरी देणार कोण?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : बाबांचं अगदीच चूक नाही. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा साडेअकरा किलोमीटरचा मार्ग 2013 मध्ये सुरू झाला आणि 2025 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर काढायला घेतला. पण रेलिंग निघालं म्हणून प्रवासी कुठं जात नाहीत. ते त्याच एबी रोडवर आहेत, फक्त आता मोटारींच्या गर्दीत.

तुला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे मोटारीच्या मापात वाहनं मोजणं) शिकवलं असेल. मोटार म्हणजे 1. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 106 या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात बस 2.2 ते 3.7, सायकल 0.4 ते 0.5. वाहन रस्ता किती अडवतं ते यातून कळतं, आत माणसं किती ते नाही. एकटे साहेब बसलेली मोटार 1, आणि गच्च भरलेली बस तीनच्या आसपास! पायी जाणाऱ्या बाईला तर रकानाच नाही. 2011 च्या जनगणनेत कामावर कसे जाता हे विचारलं, पण मुलाला शाळेत सोडणं, दवाखाना, बाजार त्यात नाही. म्हणून सर्व्हेला पोरं उभी करताना माझा हट्ट असे : बसमधली डोकी मोजा, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीवर भागवू नका. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दीडला परततात. तुमचा पीक अवर तेव्हा कधीच संपलेला असतो.

आता शिक्षण. गेट, म्हणजे इंजिनीअरिंगच्या मास्टर्सची प्रवेश परीक्षा दे. ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगच्या मास्टर्ससाठी दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ ही जुनी ठिकाणं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आत्ताच शिकायला घे.

नोकरी बहुधा कन्सल्टन्सीत मिळेल. महापालिका, मेट्रो, आपल्या सिटी बस चालवणारी एआयसीटीएसएल, सगळे अभ्यास बाहेरून करून घेतात. पहिली वर्षं एक्सेलच्या तक्त्यांत जातील आणि टेंडरमध्ये मागितलेलंच लिहावं लागेल. तरी प्रश्नावली कोण लिहितं याला फार महत्त्व आहे. ‘घरात गाडी आहे का’ एवढं विचारून थांबायचं, की ‘ती कोण चालवतं’ हेही विचारायचं, ते तुझ्या हातात असतं.

फायनल इयरचा प्रोजेक्ट यावरच घे. मावशींना विचारून त्यांचा येण्याचा रस्ता नकाशावर काढ : वाहन कुठं बदलतं, किती थांबावं लागतं, भाडं किती पडतं, फुटपाथ 1.8 मीटरपेक्षा कुठं अरुंद आहे, दिवे कुठं बंद आहेत. गाईड फ्लायओव्हरचाच विषय पुढं करत असतील, तर सरळ दुसरे सर बघ.