आजोबांचं सोन्याचं घड्याळ: मोडीत घालू का?

प्रश्न (वाचक, सांगली): आजोबा एडनला बोटीच्या कंपनीत होते, तिथून १९५० च्या आसपास आणलेलं सोन्याचं घड्याळ आता माझ्याकडे आलंय. डायलवर नुसतं 'क्रोनोग्राफ स्विस' लिहिलंय आणि मागे १८ के, ०.७५०. सोनार म्हणतो मोडीत घाला, नेटवर बघावं तर असल्या घड्याळांना कोटी कोटी! शिवाय वरच्या बटणाने लांब काटा सुरू होतो पण परत दाबलं तर थांबतच नाही, घड्याळजी म्हणाला मशीन गेली.

उत्तर: आधी मशीनचं सांगतो, नाहीतर उगाच पैसे घालवाल. तुमचं घड्याळ क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं, त्यात बहुतेक लँडेरॉन ४८ नावाची मशीन असणार (झाकण उघडल्यावर बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे फिरणाऱ्या चाकाखाली, बारीक अक्षरात नाव दिसतं), आणि त्यात वरचं बटण फक्त सुरू करायला असतं. खालचं दाबलं की काटा थांबतो, तेच परत दाबलं की शून्यावर. बाकीच्या बऱ्याच क्रोनोग्राफमध्ये वरचंच बटण सुरू-बंद दोन्ही करतं म्हणून घड्याळजी फसला असेल. खालचं दाबून बघा आधी.

आता किंमत. 'क्रोनोग्राफ स्विस' ही कंपनी नाहीच, स्विसमधले कितीतरी छोटे कारखाने हेच नाव छापून माल काढायचे आणि तो बंदरांवर, प्रवाशांना भरपूर खपायचा, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. केस पातळ पत्र्याची, पट्टा अडकतो ते चारही पाय आतून पोकळ, दाबून बघाल तर चेपतील (बघू नका!). आतलं दुसरं झाकणही बरेचदा पितळेचं, वर सोन्याचं पाणी. म्हणजे मशीनसकट अख्खं वजन धरून जो हिशेब तुम्ही मनात केलाय तो सोडा, आणि जे सोनं निघेल तेही १८ कॅरेट, शंभरात पंचाहत्तर. तरी मोडीत घालू नका असंच म्हणेन, चालू स्थितीतल्या, डायल चांगली असलेल्या घड्याळाला सोन्यापेक्षा थोडे जास्त मिळू शकतात, आणि सोनाराला केसवर कस मात्र लावू देऊ नका, तो ओरखडा कायमचा.

प्रश्न (तेच वाचक): मग कोटीची कुठली?

उत्तर: उदाहरणार्थ पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १५१८ नंबरचं मॉडेल. १९४१ साली आलं, क्रोनोग्राफ आणि पर्पेच्युअल कॅलेंडर (लहान-मोठे महिने, लीप वर्ष स्वतःच सांभाळणारं) एकत्र, एकूण २८१ च बनली. बहुतेक सगळी सोन्यातली, आणि गंमत बघा, २०१६ ला जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं ते स्टीलचं! त्या काळी एवढं महाग घड्याळ घेणारा सोन्यातलंच घ्यायचा, त्यामुळे स्टीलची चारच माहीत आहेत. सोन्यातल्यांना पण प्रचंड पैसे आहेत, पण ते सोन्याचे नाहीत, नावाचे, मशीनचे आणि कोणी हात न लावलेल्या डायलचे.

प्रश्न (वाचक, ठाणे): माझ्याकडच्या सोन्याच्या क्रोनोग्राफची डायल पिवळट, डागाळलेली आहे. मुंबईत एकजण नव्यासारखी रंगवून देतो म्हणतो.

उत्तर: नको! हात जोडतो. आपल्याकडे रंगवलेल्या डायलींना बाहेरचे कलेक्टर 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि ते कौतुक नसतं. भिंगातून बघा, आतल्या छोट्या गोल डायलींवर बऱ्याचदा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेघा असतात, एकदा वरून रंग बसला की त्या बुजतात आणि घेणारा सगळ्यात आधी तिथेच बघतो. पॉलिशचंही तेच, कडा घासून गोल झाल्या की झालं. डाग राहू द्या, फक्त ऑइलिंग करून घ्या. पट्टा हवा तर खुशाल नवा टाका, पण जुना फेकायच्या आधी बकल तपासा, कधीकधी तेही सोन्याचं निघतं.