वेंगुर्ल्याजवळून काजू, कोकम, आंबापोळी ऑनलाइन विकायची आहे, व्यवसायाला नाव कसं निवडावं?

तुम्ही तीन नावं दिली आहेत: 'कोकण नेचर फ्रेश', 'वेंगुर्ला काजू बाजार' आणि 'माटवी' (गणपतीच्या वर बांधतात ती). पहिली दोन सोडून द्या. तिसरं चांगलं आहे, पण तुम्ही पुढे मालवणी मसाला आणि सुकी मासळीही विकायची म्हणताय, तिथे ते अडतं. त्याकडे शेवटी येतो.

माझा कुडाळला छपाईचा धंदा आहे. आंब्याच्या पेट्या, आगळाच्या म्हणजे कोकमाच्या रसाच्या बाटल्यांची लेबलं, मसाल्याची पाकिटं सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे बारशाच्या आत्येपेक्षा जास्त नावं माझ्या कानावर पडतात. त्यातली बरीचशी 'कोकण'ने सुरू होतात. पुढे मेवा, फ्रेश, रत्न, स्वाद यांतलं एखादं. वर माड, होडी आणि मावळता सूर्य. आता डोंबिवलीतल्या एखाद्या बाईंनी तुमचं आगळ घेतलं, घरात सगळ्यांना आवडलं. बाटली संपली, लेबल गेलं. दोन महिन्यांनी मोबाइलवर शोधताना त्यांना 'कोकण काहीतरी' एवढंच आठवणार, आणि शोधात जे पहिलं दिसेल तिथे त्या ऑर्डर देणार. माल तुमचा आवडला, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं. दुकान रस्त्यावर असतं तर माणूस वळणावरचं वडाचं झाड बघून परत आला असता. ऑनलाइन धंद्यात खूण म्हणून फक्त नावच असतं. 'कोकण' हा शब्द लेबलावर जरूर घाला, पण नावाखालच्या बारीक ओळीत.

कायदाही साधारण हेच म्हणतो. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुण किंवा मूळ ठिकाण सांगणारा शब्द सहसा कुणा एकाला मिळत नाही. वर्षानुवर्षं वापरून तो लोकांच्या तोंडी तुमचाच म्हणून बसला असेल तर गोष्ट वेगळी, पण नव्या धंद्याला त्याचा काय उपयोग? 'वेंगुर्ला काजू'ला तर भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या उत्पादकांचं सामायिक झालं. हापूसचं तसंच. २०१८ साली मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून पाकिटावर मानांकन लावा, त्याने विश्वास वाढतो. दुकानाचं नाव मात्र वेगळं ठेवा.

आणखी एक, कारण आमच्याकडे हे फार येतं: शिवाजी महाराजांचं नाव. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्ध १९५० चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही. सिंधुदुर्ग किल्ला घरातून दिसतो म्हणून सूट मिळत नाही.

नाव फोनवर सांगून बघा. रेंज एक-दोन काड्यांची असताना, मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाला एकदाच सांगा आणि त्यालाच ते इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. अॅमेझॉनचं १९९४ मधलं पहिलं नाव 'कॅडाब्रा' होतं. वकिलाला ते फोनवर 'कॅडॅव्हर' म्हणजे प्रेत असं ऐकू आलं, आणि नाव बदललं. नवीन नावात पुस्तकांचा उल्लेख नव्हता, त्यामुळे पुढे दुकानात काहीही ठेवता आलं. हाच विचार तुम्हीही करा. 'आंबा' नावात घातलात तर मृग लागल्यावर काय विकणार?

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत घालताना खरा घोळ होतो. 'आ'ला एक 'ए' की दोन? 'ळ' आणि 'ण' तर त्या लिपीत नाहीतच. कोकम कुणी 'ए' घालून लिहितो, कुणी 'यू'. डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात, शब्दांच्या मध्ये जागा सोडता येत नाही, म्हणून दोन शब्द चिकटल्यावर भलतंच काही वाचलं जात नाही ना, तेही बघा. दोन-तीन स्पेलिंग संभवत असतील तर तेवढी डोमेन घेऊन सगळी एकाच ठिकाणी वळवा. '.भारत'मध्ये देवनागरी डोमेन मिळतं, हौस म्हणून घ्या, पण इन्स्टाग्रामचं खातं शेवटी इंग्रजी अक्षरांतच काढावं लागतं. आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर राहिलं आणि पोरगा दुबईला गेला, की मग फिरत बसा.

ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं, उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. शोध वर्गाप्रमाणे, म्हणजे मालाच्या ठरवून दिलेल्या गटांप्रमाणे, करायचा: भाजलेले काजू आणि आंबापोळी २९ मध्ये, मसाला ३० मध्ये, ताजा आंबा ३१ मध्ये, सरबत ३२ मध्ये, दुकान म्हणून ३५. एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये लागतात, म्हणून पाचही वर्ग एकदम भरू नका. जे सर्वांत जास्त खपतं त्याचा एक भरा. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होतं. अर्ज केल्यावर 'टीएम' लिहा. गोलातला 'आर' नोंदणी झाल्यावरच, त्याआधी छापलं तर दंड होतो (हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयाने बघतं). पहिल्या दिवसापासूनची बिलं जपून ठेवा. नावावरून वाद झाला तर आधी कुणी वापरलं याला आपल्याकडे वजन आहे.

अंकशास्त्राबद्दल मी बोलत नाही. कौल लावणार असाल तर जरूर लावा, पण शोध घेऊन झाल्यावर उरलेल्या दोन नावांसाठी. देवाने उजवा दिला आणि नाव दुसऱ्याचं निघालं तर कुणाला विचारणार?

आता 'माटवी'. गणपतीच्या वर बांधलेली, नारळ-सुपारी-कवंडळं लटकलेली माटवी चाकरमान्याला शब्द ऐकताच दिसेल. काजू-कोकमाशी तिचा थेट संबंध नाही, म्हणून शब्द कायद्याच्या दृष्टीनेही बरा. पण त्याच नावाखाली सुकट आणि बोंबील? तुमच्या घरातली म्हातारी माणसंच आधी कुरकुर करतील, आणि गिऱ्हाईकही. मासळी नक्की विकणार असाल तर हे नाव नको. घराचं, वाडीचं किंवा बागेतल्या एखाद्या जागेचं नाव बघा. फक्त 'वरचीवाडी', 'मधलीवाडी' नको, ती गावोगाव आहेत. मासळी नुसती मनात असेल तर 'माटवी' घ्या आणि मासळीला पुढे वेगळं नाव द्या. शोध घेऊन होईपर्यंत लेबलं शेकड्यातच छापा. हजारात छापली तर दर कमी पडतो, हे मी छपाईवाला असूनही सांगतोय.