मॉनिटर उभा केला की मिंट लॉगिनवर का फेकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडला घरून पुस्तकांची मांडणी करता, लिनक्स मिंट ही प्रणाली आणि तिचा सिनॅमन डेस्कटॉप (खिडक्या, मेनू सांभाळणारा भाग) आहे, दोन फुल एचडी मॉनिटर आहेत. पान अख्खं दिसावं म्हणून उजवा मॉनिटर उभा केला आणि तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा दोन्ही पडदे काळे होऊन थेट लॉगिन समोर येतं. सेव्ह न केलेलं सगळं जातं. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा.

रॅमवर पैसे घालू नका, निदान आत्ताच तरी नाही. मी अंबडला, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमधले कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्याकडे ड्रॉइंग आडव्या मॉनिटरवर आणि सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचा) प्रोग्रॅम उभ्यावर असतो, कारण प्रोग्रॅमच्या ओळी आखूड आणि शेकड्यांनी. म्हणजे तुमचंच दुखणं, फक्त पुस्तकाच्या जागी लोखंड. (कमांडची आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी लिपीत टाका.)

आधी पडतं कोण, ते ठरवा. लोक हे सोडून सेटिंग बदलत बसतात आणि मग कशाने फरक पडला तेच कळत नाही. सिनॅमन क्रॅश झालं, आता फॉलबॅक मोडमध्ये आहात, असा निरोप आला आणि खिडक्या शाबूत असल्या, तर पडला तो डेस्कटॉप. खालचा डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, जिवंत आहे. सगळं जागीच गोठलं, माउसही हलेना, पण घरातल्या दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत जाता आलं, तर बहुतेक ग्राफिक्स चिप अडकली आहे आणि त्याची नोंद कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये मिळते. तुमच्यासारखं दोन सेकंद काळं होऊन लॉगिन आलं, तर डिस्प्ले सर्व्हर स्वतःच मेला. तुमच्या मिंटवर तो एक्सऑर्ग असणार, कारण त्याच्या जागी येऊ घातलेलं वेलँड सिनॅमनमध्ये मिंटच्या २१.३ आवृत्तीपासून आलंय खरं, पण प्रायोगिक म्हणून. सर्व्हर मेला की त्याच्या आधाराने चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम मरतो. तुमची फाइल जाते ती अशी.

आता उभ्या मॉनिटरनेच असं का होतं? एक्स सर्व्हरच्या, म्हणजे त्याच एक्सऑर्गच्या, लेखी तुमचे दोन मॉनिटर म्हणजे एकच मोठा कागद आणि त्यावर ठेवलेल्या दोन चौकटी. दोन्ही आडवे असताना कागद ३८४० बाय १०८० चा होता. एक उभा केल्यावर तो ३००० बाय १९२० झाला, आणि आडव्या मॉनिटरच्या वर किंवा खाली एक पट्टा असा उरला की जो कुठेच दिसत नाही, पण कागदाचा भाग आहे. आडव्या मॉनिटरला चिप आपला तुकडा जसाच्या तसा पाठवते. उभ्याचं तसं नाही. तुम्ही पॅनल स्टँडवर वळवलं म्हणून त्याची आतली वायरिंग वळत नाही. ठिपके भरायचा त्याचा क्रम जुनाच राहतो. म्हणून चित्र कुणीतरी आधीच वळवून द्यावं लागतं. चिपच्या हार्डवेअरकडून ते करून घेता आलं तर ठीक. नाहीतर सर्व्हर त्या मॉनिटरसाठी एक वेगळी सावली-प्रत ठेवतो, आणि पडद्यावर काहीही बदललं की तेवढा भाग फिरवून तिच्यात उतरवतो. एका फुल एचडी प्रतीला साधारण ८ एमबी लागतात, म्हणजे रॅमचा इथे काही संबंध नाही. गोम आहे ती या जास्तीच्या कामात. मॉनिटर बंद-चालू झाला, मापं बदलली की ती प्रत मोडून नवीन बांधावी लागते, आणि त्या क्षणी कुणी जुनीच प्रत धरून बसलं की संपलं.

एक्समध्ये मापं बदलण्याचं आणि फिरवण्याचं काम करणाऱ्या भागाला रँडर म्हणतात. हे नाव मुळात ‘रिसाइज अँड रोटेट’चं लघुरूप, पण २००७ मध्ये १.२ आवृत्ती येईपर्यंत त्यात प्रत्येक मॉनिटर स्वतंत्र फिरवण्याची सोयच नव्हती, फिरायचा तो अख्खा पडदा. आणि आजही किती जणांच्या टेबलावर उभा मॉनिटर असतो? कमी वर्दळीच्या रस्त्यावरचे खड्डे उशिरा बुजतात, हे नाशिककरांना मी काय सांगू.

तर पहिलं काम लॉग. व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये ‘एक्सऑर्ग.०.लॉग’ नावाची फाइल असते. ती उघडून लोक म्हणतात, यात तर काहीच नाही. बरोबर आहे, कारण ती नव्याने सुरू झालेल्या सर्व्हरची. मेलेल्याचा पंचनामा शेजारच्या, शेवटी ‘ओल्ड’ लागलेल्या फाइलमध्ये असतो, आणि सर्व्हर आणखी एकदा सुरू झाला की तोही पुसला जातो. म्हणून क्रॅश झाल्यावर लॉगिन केलं की सगळ्यात आधी त्या फाइलची प्रत काढून ठेवा. शेवटाकडे ‘बॅकट्रेस’ (पडताना सर्व्हर काय करत होता त्याची यादी) आणि ‘सिग्नल ११’ किंवा ‘सिग्नल ६’ असं दिसेल. त्याखालच्या ओळी वाचायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. मॉडसेटिंग, इंटेल, एनव्हिडिया यातलं कुठल्या ड्रायव्हरचं नाव येतंय आणि ‘रोटेट’ किंवा ‘कर्सर’ हा शब्द कुठे आहे का, एवढंच बघा. ओळीच्या सुरुवातीचे आकडे म्हणजे घड्याळ नव्हे, मशीन चालू झाल्यापासूनचे सेकंद आहेत. ते वेळेत बदलून बघाच.

मला कोडं सुटलं ते त्या सेकंदांमुळेच. तीन दिवसांचे लॉग जुळवले, तर प्रत्येक क्रॅश जेवणाच्या सुट्टीनंतरचा! म्हणजे काम करताना काही होत नव्हतं. मॉनिटर झोपायचे आणि कुणीतरी परत येऊन माउस हलवला की सर्व्हर पडायचा. उभा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर होता. बरेच डिस्प्लेपोर्ट मॉनिटर गाढ झोपेत गेले की वायर उपटल्यासारखे यादीतून गायब होतात. डेस्कटॉपला वाटतं एकच मॉनिटर उरला, तो मापं बदलतो. मॉनिटर जागा झाला की पुन्हा बदलतो, पुन्हा फिरवतो. दिवसातून दोन-तीनदा म्हणता, तर तुमचेही क्रॅश चहा-जेवणानंतरचे आहेत का, ते आधी तपासा. असतील, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीप स्लीपसारखा काही पर्याय असतो तो बंद करा, किंवा पोर्ट दोन्ही असतील तर उभा मॉनिटर एचडीएमआयवर लावून बघा. आमच्याकडे दोन्ही केलं आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं.

उरलेलं निम्मं एका फाइलीत होतं. टर्मिनलमध्ये इनक्सी कमांड मोठ्या जी पर्यायासह चालवा, कुठला ड्रायव्हर लोड झालाय ते दिसेल. २०१६ पासून डेबियन आणि उबुंटूने बऱ्यापैकी नव्या इंटेल चिपांसाठी जुना इंटेल ड्रायव्हर बाजूला ठेवून मॉडसेटिंग हा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरायला सुरुवात केली, आणि मिंट उबुंटूवरच उभं आहे. तरीही इनक्सी ‘इंटेल’ दाखवत असेल, तर कधीतरी व्हिडिओ फाटल्यासारखा दिसतो म्हणून कुणीतरी ‘२०-इंटेल.कॉन्फ’ नावाची, टीअरफ्री (ते फाटणं थांबवणारा पर्याय) चालू करणारी फाइल एक्सऑर्गच्या कॉन्फिग फोल्डरात टाकली असण्याची दाट शक्यता. आमच्याकडे टाकणारा मीच होतो, आणि विसरूनही गेलो होतो. तिचं नाव बदलून मशीन रीस्टार्ट करा.

एवढ्यावर थांबलं तर पुढचं वाचूही नका. नाही थांबलं, तर सेव्ह झालेली मांडणी उडवा. होम फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिगमध्ये ‘सिनॅमन-मॉनिटर्स.एक्सएमएल’ असते, लॉगिन केल्याबरोबर सिनॅमन ती वाचून तीच मांडणी पुन्हा लावतो. तिच्यात जुन्या पोर्टच्या, जुन्या मॉनिटरच्या नोंदी साचलेल्या असतात. लॉगिन केलं की लगेच क्रॅश, पुन्हा लॉगिन, पुन्हा क्रॅश अशा चक्रात अडकलात, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी लॉगिनमध्ये जा आणि तिथून तिचं नाव बदला. डिलीट नको.

मग मांडणी नव्याने करताना एका वेळी एकच बदल. आधी दोन्ही आडवे शेजारी ठेवून लागू करा, मग उजवा फिरवा, मग त्याची वर-खाली जागा ठरवा. टर्मिनलमध्ये एक्सरँडर ही कमांड नुसती चालवली की पहिल्या ओळीत आत्ताचं माप आणि कमाल माप दिसतं. आत्ताचं कमालच्या आत हवं. आजच्या चिपांना याची फिकीर नाही. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा डबा असेल तर बघा, कारण इंटेलच्या ९४५ पिढीच्या चिपांची थ्रीडीची मर्यादा २०४८ बाय २०४८ होती, आणि तुमचा कागद ३००० रुंद आहे.

बॅकट्रेसमध्ये कर्सर दिसला, तर सॉफ्टवेअर कर्सरचा पर्याय चालू करा. उभ्या मॉनिटरवर बाणाचं चित्रही सर्व्हरला फिरवूनच द्यावं लागतं. बाण किंचित लुकलुकेल, त्याची सवय होते. एनव्हिडिया कंपनीचा स्वतःचा (क्लोज्ड सोर्स) ड्रायव्हर असेल, तर फिरवण्याचं काम त्याच्याच सेटिंगच्या खिडकीतून करा आणि सिनॅमनच्या डिस्प्ले सेटिंगला हात लावू नका, दोघांत भांडण लागतं. आणि उभा मॉनिटर यूएसबी डॉकमधून जोडलेला असेल, तर आधी त्याला थेट मशीनच्या पोर्टवर आणा. अशा काही डॉकमध्ये चित्र एका चिपवर तयार होतं आणि दुसऱ्या ड्रायव्हरमार्फत बाहेर जातं, त्यात फिरवणं आलं की मी तरी हात टेकले.

रोजच्या कामासाठी मला सगळ्यात टिकाऊ वाटलेला उपाय म्हणजे फिरवणं चालू सत्रात न करता सर्व्हर सुरू होतानाच करून घेणं. कॉन्फिग फोल्डरात एक छोटी फाइल, तिच्यात मॉनिटरचा विभाग, ओळख म्हणून एक्सरँडरने दाखवलेलं आउटपुटचं नाव, आणि रोटेट पर्याय लेफ्ट किंवा राइट. मॉनिटर घड्याळाच्या दिशेने वळवला असेल तर लेफ्ट. चित्र उलट दिशेने फिरवावं लागतं, इथे सगळे एकदा तरी चुकतात. याने लॉगिनचा पडदाही सरळ येतो. एरवी तो मान वाकडी करून वाचावा लागतो, कारण लॉगिनचा प्रोग्रॅम तुमच्या खात्यातली मांडणी वाचतच नाही.

वेलँडचं सत्र लॉगिनच्या पडद्यावरून निवडून एखाद्या दिवशी बघायला हरकत नाही. तिथे फिरवण्याचं काम सिनॅमन स्वतः करतो, एक्सचा तो जुना रस्ता टळतो. पण तिथे सर्व्हर आणि डेस्कटॉप एकच असल्यामुळे सिनॅमन पडला तर सगळंच पडेल, फॉलबॅकची दया नाही. शिवाय तुमचा मराठी कीबोर्ड आणि मांडणीचं सॉफ्टवेअर तिथे नीट चालतं का, ते पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात तपासू नका.

तोपर्यंत ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणून ठेवा, आणि पुढचा क्रॅश झाला की त्या ‘ओल्ड’ फाइलमधल्या बॅकट्रेसच्या वरच्या चार आणि खालच्या दहा ओळी इथे टाका. उजवा मॉनिटर कुठल्या पोर्टवर आहे तेही लिहा. शनिवारी निवांत बघतो.