गडाचे कागद नेमके कुठे बघायचे?

प्रश्न: आमच्या भागातल्या एका छोट्या मराठेशाहीतल्या गडाची माहिती जमवतोय. नेटवर सगळीकडे तेच चार परिच्छेद कॉपी-पेस्ट. ओरिजिनल कागद मिळतील का?

उत्तर: मिळू शकतात, पण गडाच्या नावाची फाइल काढून हातात देईल असं कुणी समजू नका. प्रत्येक गडावर हवालदार (गडाचा प्रमुख), सबनीस, कारखानीस असायचे, त्यातला सबनीस हजेरीपट आणि हिशेब बघणार आणि कारखानीस धान्य-दारूगोळ्याचा साठा, म्हणजे लढायांपेक्षा पगार, तटाची डागडुजी, टाक्यातला गाळ असलेच कागद जास्त सापडणार, आणि खरं सांगू का, गड कळतो तो त्यातूनच! पेशवेकाळासाठी पुण्याचं पुराभिलेखागार गाठा, पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, तिथंच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळातही बघाच.

हे कागद मोडी लिपीत असतात, ती मात्र शिकावीच लागेल, त्याला शॉर्टकट नाही. तारखांचीही गंमत आहे, 'सितैन मया व अलफ' असं दिसलं की साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) 1160, त्यात 599 मिळवा की 1759-60 येतं, कारण हे वर्ष मे-जूनच्या सुमारास बदलतं.

1818 च्या इंग्रज-मराठे लढाईसाठी इंग्रजांचे लष्करी रिपोर्ट वाचा, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे (भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे) रेकॉर्ड आहेत. फक्त ते जिंकणाऱ्यांनी लिहिलेत, तेव्हा शत्रूचे आकडे जरा जपूनच घ्या.